कवडूची खुंटी

व्यायामाचा मला पहिल्यापासून कंटाळा. माझ्या देहाला मी कधी उगाच त्रास दिला नाही आणि त्यानंही मला फारसा दिला नाही, असा आमचा समझोता. तरी खांद्यावर बारबेल घेऊन बैठका कशा काढायच्या, त्याआधी दांडा कसा लावायचा, घोडीची खुंटी किती उंचीवर हवी, हे मला झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन. गुलाब रामटेकेच्या शेजाराला राहून हे ज्ञान माझ्या मानगुटीवर बसलं, ते अजून उतरलेलं नाही.

भिलाईत आम्ही एकाच सुमारास आलो. तो पवनीकडचा, मी गोंदियाकडचा. गावाकडे असतो तर त्याची विहीर वेगळी आणि माझी वेगळी, आणि एकमेकांच्या अंगणात कोणी पाय टाकला नसता. इथं पोलादाच्या कारखान्यानं क्वार्टर वाटताना नावापुढे फक्त नंबर पाहिला, आणि आमच्या दोघांच्या चुली एकाच भिंतीला पाठ लावून बसल्या. माझ्या बायकोनं, नलूनं, पहिले काही महिने तोंड जरा आखडतं ठेवलं. मग एकदा घरातलं मीठ संपलं, आणि तिचं सोवळंही त्याच दिवशी संपलं.

गुलाब फिटर होता. अंगानं भक्कम, पण ठेंगणा. त्याच्यासोबत त्याचा मोठा भाऊ कवडू राहायचा. कवडू एका ठेकेदाराकडे रिगर होता, म्हणजे जड सामान साखळदंड लावून वर चढवणाऱ्या टोळीतला. ताडमाड उंच. आमच्या दारातून आत येताना मान वाकवायचा आणि म्हणायचा, "रामाजीभाऊ, सरकारनं हे दार तुमच्यासाठी बनवलं, माह्यासाठी नाई." त्याला हसू फार लवकर यायचं. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "आधी मायले इथं आणतो. मंग पाहू."

कारखाना उभारायला आलेला एक रशियन साहेब मायदेशी परतताना कवडूला स्वतःची बारबेल देऊन गेला. त्या साहेबाला मराठी येत नव्हतं, कवडूला रशियन येत नव्हतं. नुसत्या हातवाऱ्यांवर त्यानं कवडूला सगळं शिकवलं होतं, आणि कवडूनं ते गुलाबला शिकवलं. मी ओट्यावर तंबाखू मळत बसलेला असायचो, त्यामुळे आपोआप मलाही.

क्वार्टरच्या मागे ठेकेदाराची एक टिनाची शेड रिकामी पडली होती. तिथं कवडूनं दांडा टेकवायला उरलेल्या जाड पाइपांची घोडी केली. दोन उभे खांब, खाली सिमेंट. दोन्ही खांबांना भोकं पाडून त्यात लोखंडी खुंट्या ठोकल्या. त्या एका पातळीत आल्या का हे बघायला पाणी भरलेली नळी दोन्ही खांबांना धरली. मी म्हटलं, "अरे, दांडा ठेवायचाय का देऊळ बांधायचंय?"

"भाऊ, एक खुंटी कमी-जास्त झाली का सारं वजन एका खांद्यावर येते," तो म्हणाला. "आन् खुंटी पायजे छातीपाशी. खांद्यापाशी नाई. थोडं वाकून दांड्याखाली शिरायचं, मानेच्या खाली मांसावर घ्यायचा, पाय सरळ केले का दांडा आपसूक उचलते. खुंटी वर असली का टाचा उचला लागतात. टाच उचलली का माणूस गेला समजा."

ही खुंटी त्यानं आपल्या छातीच्या मापानं लावली होती. त्याची छाती जिथं यायची तिथं गुलाबचा खांदा यायचा. गुलाबसाठी खाली दुसरी भोकं पाडायची असं ठरलं होतं. "या रविवारी पाडू" म्हणायचे आणि रविवारी काहीतरी दुसरंच निघायचं. तोवर तोड अशी काढली होती की गुलाब दांड्याखाली शिरला की कवडू त्याच्या मागे उभा राहायचा, काखेखालून हात घालून त्याच्यासोबत दांडा उचलायचा आणि तो खांद्यावर नीट बसला की हात सोडायचा. बैठका संपल्या की तसाच पुन्हा खुंटीवर चढवायचा. "हं, घे. हं, सोडलं." एवढंच बोलणं. भिंतीपलीकडून ते रोज ऐकू यायचं.

मधे एकदा त्यांची आई, मैनाबाई, गावाहून आठ दिवस राहून गेली. निघताना कवडूनं तिला जवळ घेतलं तर तिचं कपाळ जेमतेम त्याच्या छातीला टेकलं. तो वरून म्हणाला, "माय, तू दर खेपेले कमी होऊन राहिली." ती म्हणाली, "तूच वाढून राहिला, मेल्या." आम्ही सगळे हसलो होतो.

लोखंडाची पहिली भट्टी पेटली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात कवडूला मुदतीचा ताप आला. ताप उतरायच्या दिवशी तो उतरला नाही. शिवनाथच्या काठी आम्ही त्याला नेलं. तिरडी नेहमीपेक्षा लांब बांधावी लागली.

त्याचा एकही फोटो नव्हता. ठेकेदाराकडे नंबराचा पितळी बिल्ला होता, तो जमा झाला. कपडे मैनाबाईनं गरजवंतांना देऊन टाकले, कारण गुलाबच्या अंगाला ते आलेच नसते. एवढा मोठा माणूस, आणि त्याचं म्हणून दाखवायला घरात काही उरलं नाही.

पुढं जे झालं ते सांगण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. गुलाब, कवडू आणि मैनाबाई तिघांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली होती. मैनाबाईनं घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. श्राद्ध नाही, पिंड नाही, असं त्यांनी लाखो माणसांसोबत उभं राहून म्हटलं होतं, भूत-आत्माही ते मानत नव्हते, आणि ते काही तोंडदेखलं नव्हतं. पुढच्या पितरपाखात नलू मागच्या अंगणात कावळ्यांना पान ठेवत होती. मैनाबाई तोवर इथं गुलाबकडे राहायला आली होती. ती कुंपणाशी उभी राहून नुसती बघत होती. मला भरून आलं. मी आगाऊपणानं गुलाबला म्हटलं, "कवडूच्या नावानं एक घास मीच टाकतो. माझ्या हातून झालं तर तुझं काय जाते?"

तो असा उसळला की मी दोन पावलं मागे सरलो. "त्या दलदलीतून आमी निंगालो, रामाजीभाऊ. मले पुन्हा तेथं ओढू नका. माहा भाऊ कावळा नाई झाला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "अन् तो भुकेला बी नाई. मले मालूम हाय."

"तुला कसं मालूम?"

तो फर्स्ट शिफ्ट करून आला होता. तसाच शेडकडे गेला. मला राग आलाच होता, त्यामुळे मीही मागे गेलो.

कवडू गेल्यावर गुलाबनं व्यायाम सोडला नव्हता हे मला माहीत होतं. भिंतीपलीकडून प्लेटांचा आवाज यायचा. पण तो कसा करतो हे मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. आधी त्यानं घोडीसमोरची जमीन झाडली, पाणी शिंपडलं. दांडा बरोबर मधोमध आणला. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, अशा सारख्या प्लेटा चढवल्या, म्हणजे दांडा एकीकडे कलंडत नाही. त्या सरकू नयेत म्हणून दोन्हीकडे पकडी घट्ट आवळल्या. दोन्ही तळवे मधल्या खुणेपासून सारख्या अंतरावर ठेवले. सगळं कवडूनं शिकवलं होतं तसं. फक्त खुंट्या होत्या तिथंच होत्या, कवडूच्या छातीशी. गुलाब दांड्याखाली शिरला, टाचा उचलल्या, चवड्यांवर तोलला, आणि हळूच म्हणाला, "हं, घेतो."

दांडा उचलला गेला. तो मागे सरला, बैठका काढल्या, पुढे आला, पुन्हा टाचा उचलल्या. "हं, सोड." खण्ण करून दांडा खुंटीवर बसला.

शेडमध्ये तो आणि मी, दोघंच होतो. मी त्याच्या मागच्या बाजूला जायला निघालो तर तो ओरडला, "तेथं नाई! मांग उभं राहू नका. ते जागा खाली ठेवा."

मी जागच्या जागी थांबलो. त्याच्या मागे शिंपडलेली ओली जमीन होती, बाकी काही नव्हतं.

"भाऊ, कोणाले सांगू नका," तो घाम पुसत म्हणाला. "टाचा उचलतो ना मी, तवा दांडा हलका होते. दर खेपेले. कोणीतरी काखेखालून हात घालते. अन् बैठकीले लागलो का सोडते. मले भूत नाई समजत. भूत नसतेच. पण कवडूदादा मांग असते."

मी त्याला पुष्कळ समजावलं. म्हटलं, अरे, एकदम जोर लावून तू वर झटका देतोस म्हणून तसं वाटतं. म्हटलं, कवडूनंच सांगितलं होतं ना, टाच उचलली का माणूस गेला? त्याचीच शिकवण मोडून त्याची आठवण ठेवतोस? खाली भोकं पाड. तू फिटर माणूस, तासाभराचं काम.

तो म्हणाला, "खुंटी खाल्ते केली, तर तो कायले येईन?"

मी हिंदू माणूस, तेहतीस कोटींपैकी कोणाचंही नाव घेऊन मोकळा होऊ शकतो. यानं सगळी दारं आपल्या हातानं लावून घेतलेली, आणि एकच फट उघडी ठेवलेली, चवड्यांवर उभं राहण्यापुरती. भूतबित मीही मानत नाही. पण त्या ओल्या जागेवर पाय ठेवायची माझी छाती त्यानंतर कधी झाली नाही. संध्याकाळी भट्टीकडचं आभाळ लाल व्हायचं, टिनाच्या फटीतून तो उजेड शेडमध्ये यायचा, दांडा वाऱ्यानं जरा वाजायचा, आणि मी ओट्यावरून उठून सरळ घरात जायचो. नलू हसायची. हसू दे.

माझी भीती निराळीच होती. दर आठवड्याला गुलाब प्लेटा वाढवत होता. चौदा एप्रिलला जयंतीचा कार्यक्रम होता, आणि वस्तीतल्या व्यायामशाळेच्या पोरांपुढे कवडू जेवढं वजन खांद्यावर घ्यायचा तेवढं घेऊन दाखवायचं असं त्यानं जाहीर करून टाकलं होतं. तेवढं वजन चवड्यांवर उभं राहून उचलायचं म्हणजे मानेचा काटा मोडून घेणं. मैनाबाईला आता हा एकच मुलगा उरला होता. मी एकदा ठरवून तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती कपाळ बडवून घेईल, नाहीतर त्याच्यावर धावून जाईल. तिनं फक्त विचारलं, "खरंच येते का तो?"

"मला काय माहीत, मैनाबाई? मला तर कोणी दिसत नाही."

"गुलाबले त्याचा हात लागते म्हणता?"

"तो म्हणतो."

नंतर मी पाहिलं, गुलाब शेडमध्ये गेला की ती पदर सावरून दारात येऊन बसायची. मुलगा मरेल या भीतीनं नाही. दुसरा दिसतो का, ते बघायला. मला तिचा राग आला, आणि मग स्वतःचा आला.

जयंतीच्या आधीच्या रविवारी दुपारी गुलाबनं कवडूचं पूर्ण वजन चढवलं. दारात मैनाबाई बसली होती. मी भिंतीशी होतो, त्यानं नेमून दिलेल्या अंतरावर. तो दांड्याखाली शिरला. टाचा उचलल्या. "हं, घेतो."

दांडा हलला नाही. त्यानं दम धरला, पुन्हा जोर लावला. चवडे थरथरायला लागले. डावी बाजू खुंटीवरून सुटली, उजवी तशीच अडकून राहिली. मी "गुलाब, सोड!" म्हणून ओरडलो. त्याचं अंग पिळलं गेलं, दांडा मानेवरून घासत मागे गेला, आणि ती रिकामी ठेवलेली जागा होती ना, बरोबर तिथं दणकन आपटला. जमीन हादरली. गुलाब पुढे तोंडावर पडला.

मी आणि मैनाबाई एकदमच पोचलो. मान हलत होती, हातपाय हलत होते. मानेचं कातडं सोललं होतं, कान फाटला होता, खांदा बघता बघता टम्म सुजला. आम्ही त्याला बसवलं. रक्त पुसायला गेलो तर त्यानं माझा हात बाजूला केला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"माय, तो आला नाई," तो म्हणाला. "आज तो आला नाई."

मैनाबाई त्याच्यासमोर मातीत बसली. पदरानं त्याचा कान दाबून धरला. आणि मग ती जे बोलली, ते मी आजवर विसरलेलो नाही.

"तो असा होता का रे?" ती म्हणाली. "तू टाचा उचलून मराले टेकला, अन् कवडू मांग उभा राहून पाहीन? रोज येऊन नुसता हात लावून जाईन? माहा कवडू इथं असता ना, तर त्यानं पहिल्याच दिवशी खुंटी खाल्ते केली असती. तुले रागावला असता. तो नाई येत, बापू. मी बी दारात बसून रोज पायलं. नाई येत तो."

गुलाब म्हणाला, "मले मालूम हाय."

"मंग कावून करत होता?"

त्यानं खांबाकडे बोट दाखवलं. "माय, त्याचा फोटो नाई आपल्यापाशी. अंगरखा नाई. त्याची उंची केवढी होती, ते फक्त ते खुंटीले मालूम हाय. ते काढली का मंग कुठंच नाई तो."

तेव्हा मला कळलं. एवढे दिवस मी त्याला शहाणपण शिकवत होतो, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी उठून उगाच पाणी आणायला गेलो.

परत आलो तेव्हा मैनाबाईनं गुलाबला उभं केलं होतं. तिनं आपला तळवा त्याच्या छातीवर ठेवला, काखेच्या जरा खाली, बरोबर तिथं. कवडूनं सांगितलं होतं तेच माप. तिला कोणी शिकवलं नव्हतं. "इथं भोक पाड," ती म्हणाली. "वरचं भोक बुजवू नको. खुंटी काढ, भोक राहू दे."

खांदा बरा होईपर्यंत जयंती होऊन गेली. गुलाब कार्यक्रमात मागे सतरंजीवर बसून होता. त्याला कोणी काही विचारलं नाही, की मीच कोणाला विचारू दिलं नाही, कोण जाणे. पुढे एका रविवारी त्यानं हातड्रिल आणलं. पाण्याची नळी मी धरली. आयुष्यात व्यायामाच्या कामी मी केलेली तेवढीच मेहनत. दोन्ही भोकं एका पातळीत आली. त्यानं वरच्या खुंट्या ठोकून बाहेर काढल्या आणि खाली बसवल्या. दांडा ठेवला, मधोमध केला, थोड्याच प्लेटा चढवल्या, पकडी आवळल्या. वाकून खाली शिरला. टाचा जमिनीवर. पाय सरळ केले.

दांडा आपसूक उचलला गेला, कवडू म्हणायचा तसाच. पण गुलाब मागे सरला नाही. खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"जड हाय, भाऊ," तो म्हणाला. "याच्यापेक्षा जास्त घेत होतो, तरी एवढं कधी नाई लागलं."

दारातून मैनाबाई म्हणाली, "तेवढंच असते ते. बैस खाली."

तो बसला, उठला. पुन्हा बसला, उठला. डोळे वाहत होते आणि तो ते पुसू शकत नव्हता, हात दांड्यावर होते. मोजून बैठका झाल्यावर सरळ पुढे आला, दांडा खांबांना लावला, गुडघे वाकवून खुंटीवर ठेवला. मग मला म्हणाला, "उद्यापासून मांग तुमी उभे राहा." मी म्हटलं, "मी? मी काय उचलणार?" तो म्हणाला, "उचलू नका. फक्त उभे राहा." आणि तो नळावर आंघोळीला गेला.

मीही घरी गेलो. ओट्यावर बसलो आणि लक्षात आलं, तंबाखूची डबी शेडमध्येच राहिली. आणायला परत गेलो.

मैनाबाई शेडमध्ये एकटीच होती. घोडीच्या एका खांबापाशी उभी होती, वरच्या, कवडूच्या मापाच्या रिकाम्या भोकासमोर. तिनं आधी बोटानं त्याची कड चाचपली. मग दोन्ही हातांनी खांब धरला आणि पुढे सरली. टाचा उचलाव्या लागल्या नाहीत, की मान झुकवावी लागली नाही. तिचं कपाळ बरोबर त्या भोकावर टेकलं.